गढी सीमेवरची, नियम कोणाचे?

गेल्या सुट्टीत आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी एकाच प्रश्नावर लागोपाठ तीन संध्याकाळी वाद घातला. प्रश्न परीक्षेचा नव्हता, निवडणुकीचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. एक जुना खेळ पुन्हा मांडायचा होता आणि तो कोणत्या नियमांनी खेळायचा, एवढेच ठरवायचे होते. ‘खेळायचे तर खेळा, भांडता कशाला?’ असे आजीने विचारलेसुद्धा. पण वाचकहो, ते भांडण वाया गेले नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आधी खेळाची ओळख करून देतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचला व तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. बुद्धिबळासारखी त्यात कोणाची हारजीत नाही. एक जण सूत्रधार होतो. तो जागा, माणसे आणि संकटे डोळ्यांसमोर उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी जादूगार, आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. जेथे निकाल सांगता येत नाही तेथे फासे टाकायचे. थोडक्यात, लिहिलेली संहिता नसलेले नाटकच ते.

सूत्रधाराच्या सोयीसाठी या खेळाची तयार कथानके छापलेली मिळतात. त्यांतले एक गाजलेले कथानक गायगॅक्सने १९७९ साली लिहिले. त्याचे नाव ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’, म्हणजे सीमेवरची गढी. हा गृहस्थ पूर्वी विम्याच्या धंद्यात जोखीम पारखण्याचे काम करीत असे, हे कळल्यावर आम्हा वाणिज्यवाल्यांची मान उगीचच ताठ झाली! त्याच्या गढीतही हिशेब जागोजाग दिसतो. तेथे एक पेढी आहे. नाणी किंवा रत्ने बदलून द्यायची तर ती दहा टक्के कापून घेते, आणि कर्जाला दरमहा दहा टक्के व्याज लावते. आमच्याकडचा खासगी सावकारही हे ऐकून क्षणभर विचारात पडेल.

गढीबाहेर थोड्या अंतरावर एक दरी आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या गुहांत कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क अशा निरनिराळ्या टोळ्या राहतात. त्यांचे एकमेकांशी पटत नाही. गॉब्लिन तर शेजारच्या एका राक्षसाला सोन्याची थैली देऊन मदतीला बोलावतात. गुहांत लढणारे आहेत, तशी बायकामुलेही आहेत. एका कोठडीत गढीकडचा एक व्यापारी आणि त्याची बायको कैदेत पडली आहेत.

आता वाद कशावरून झाला ते सांगतो. या खेळाचे नियम गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. आज सर्वांच्या तोंडी आहे ती पाचवी आवृत्ती. ती २०१४ साली आली आणि २०२४ साली सुधारून पुन्हा निघाली. उलट ही गढी ज्या काळातली, त्या काळच्या नियमांची १९८१ सालची पुस्तिका अवघ्या चौसष्ट पानांची होती. तेच नियम गॅव्हिन नॉर्मन यांनी २०१९ साली ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ या नावाने नीट मांडून दिले. आमच्यातले दोघे म्हणत होते, पाचवी आवृत्ती घ्या. ‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३ सालचा संगणकी खेळ तिच्याच नियमांवर उभा असल्याने मुलांना ती ओळखीची वाटते. शिवाय ही गढी पाचव्या आवृत्तीला जुळवून घेतलेले पुस्तक गुडमन गेम्सने २०१८ सालीच काढले, आणि २०२५ साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने याच गढीवर नवशिक्यांसाठी एक संचही आणला. मग जुने उकरून काढण्याचा अट्टहास कशाला?

प्रश्न रास्त होता. मी त्याचे उत्तर आमच्याच विषयात शोधले. हिशेबाच्या वहीत ज्याची नोंद होते त्यावर लोकांचे लक्ष राहते. ज्याची नोंद नाही ते कितीही मोलाचे असले तरी हळूहळू दुर्लक्षिले जाते. खेळाचे नियम म्हणजे अशी वहीच होय. तेव्हा कोणते नियम नवे आणि कोणते जुने हे बाजूला ठेवून, ते कशाची नोंद ठेवतात ते पाहावे.

पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या पायरीवर जायला अनुभवाचे ३०० गुण लागतात आणि एका गॉब्लिनला हरवल्याचे ५० मिळतात. म्हणजे सहा गॉब्लिन लोळवले की बढती! जुन्या नियमांत योद्ध्याला २००० गुण लागतात आणि गॉब्लिनमागे मिळतात फक्त ५. नुसत्या मारामारीवर वर चढायचे तर चारशे गॉब्लिन मारावे लागतील. तेवढे त्या दरीत नाहीतही. पण बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक गुण मिळतो. मग तो योद्धा आपोआप विचार करू लागतो, की लढाई न करता काम साधेल का? पाचव्या आवृत्तीतही सूत्रधार बोलाचालीला गुण देऊ शकतो, हे मान्य. पण तेथे ती त्याची मर्जी आहे, जुन्या वहीत तो रोजचा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जुन्या नियमांत समोर कोणी अनोळखी आला, की तो कसा वागेल हे ठरवायला सूत्रधार दोन साधे फासे टाकतो. बेरीज २ आली तरच तो तत्काळ अंगावर येतो. १२ आली तर मनापासून मैत्री करतो. ६ ते ८ आली तर तो अजून काहीच ठरवीत नाही, आणि छत्तीसपैकी सोळा शक्यता याच आहेत. म्हणजे अनोळखी माणूस बहुधा शत्रूही नसतो आणि मित्रही नसतो. तो आपण काय बोलतो याची वाट पाहत थांबलेला असतो.

बोलायचे तर भाषा हवी. जुन्या नियमांत ड्वार्फ, म्हणजे डोंगरात राहणारे ते बुटके लोक, पहिल्या दिवसापासूनच गॉब्लिन आणि कोबोल्ड यांच्या भाषा जाणतात. एल्फ ऑर्कांची भाषा जाणतात. कारण उघड आहे, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले म्हणजे भाषा येतेच. पाचव्या आवृत्तीत ड्वार्फाला गॉब्लिनांची भाषा मुळातून येत नाही, ती मुद्दाम निवडून घ्यावी लागते. मी ते वाचले आणि माझे मत तेथेच पक्के झाले. सीमेवरच्या कथेत शेजाऱ्याची भाषा न येणारा माणूस मला तरी खरा वाटेना. मी मराठी माध्यमात शिकलो. पण दुकानात, बसमध्ये, मैदानावर कन्नड कानांवर पडतच वाढलो, आणि ती मला कोणी मुद्दाम शिकवली नाही.

शेवटी जुन्या नियमांना तीन मते पडली, नव्यांना दोन. सूत्रधार मी झालो. ड्वार्फाची भूमिका आमच्या कन्नड विभागातल्या मित्राकडे आली. आता गॉब्लिनांच्या तोंडी कोणती भाषा घालायची? मराठी घातली तर मराठी मुले रागावणार, कन्नड घातली तर कन्नड मुले. अखेर त्या मित्रानेच तोड काढली. तो ड्वार्फ म्हणून मराठीत बोलेल आणि मी गॉब्लिन म्हणून कन्नडमध्ये उत्तर देईन. म्हणजे दोघांनाही आपली भाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत चुकावे लागेल. फासे पडले, बेरीज ७. तो अडखळत म्हणाला, ‘आम्ही भांडायला आली नाही.’ मी विचारले, ‘यारु नीवु?’ सारे हसले. पण त्या हसण्यातून बोलणी पुढे सरकली आणि बंदी व्यापाऱ्याचा पत्ता लागला. त्याला सोडवून परत नेल्याबद्दल गढीचा व्यापारी संघ शंभर सुवर्णनाणी देतो. त्या संध्याकाळी एकाही गॉब्लिनचे रक्त सांडले नाही, आणि तरीही खेळ रंगला.

दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुने नियम निर्दयही आहेत. त्यांत जीवनगुण शून्यावर आले की पात्र मेले. आमच्या एका मैत्रिणीची जादूगारीण दोन गुणांनिशी निघाली आणि पहिल्याच झटापटीत संपली. ती पहिल्यांदाच हा खेळ खेळत होती. तिने वही मिटली आणि उरलेला वेळ गप्प बसून राहिली. त्या वेळी मला वाटले, आपले सारे तत्त्वज्ञान व्यर्थ आहे. पाचव्या आवृत्तीत कोसळलेल्या पात्राला जगण्यासाठी पुन्हापुन्हा फासे टाकता येतात. त्यामागे नवख्या माणसाचा विचार आहे, आणि तो विचार जुन्यांहून उजवा आहे. आम्ही तो उसना घेतला. पडलेल्याला लढाई संपण्याआधी कोणी ओढून बाहेर काढले तर तो वाचतो, असा नियम आम्ही घातला. मैत्रिणीला गढीच्या खानावळीत भाड्याने मिळणारा एक शिपाई दिला. पुढच्या बैठकीला ती सर्वांच्या आधी आली.

म्हणून माझे मत असे आहे. जुनी कलाकृती पुन्हा उभी करताना तिच्या काळचे नियम जसेच्या तसे पुजू नयेत, आणि आजचे नियम चालू आहेत एवढ्यासाठी तिच्यावर लादूही नयेत. आधी त्या कथेचा जीव कशात आहे ते पाहावे. या गढीचा जीव अनोळखी शेजाऱ्याशी गाठ पडण्यात आहे. त्या भेटीला ज्या वहीत रकाना आहे ती वही घ्यावी, आणि नवखा माणूस ताटावरून उठून जाईल असे एखादे कलम तीत असेल तर ते निःसंकोच खोडावे. मुंज्याच्या भीतीने पिंपळ तोडू नये, तसे एका कलमापायी सबंध वही टाकू नये.

सुट्टी संपली, पण दरीतल्या निम्म्या गुहा अजून बाकी आहेत. दर शनिवारी दुपारी आम्ही बसतो. मराठी विभागातल्यांनी यावे, कन्नड विभागातल्यांनीही यावे. फासे आमच्याकडे आहेत. अट एकच, गॉब्लिनशी बोलताना आपापली भाषा चालणार नाही!