दिसत नाही म्हणून दुखत नाही का?

गेल्या महिन्यात एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून डोळ्यांवर पदर ओढून बाकावर बसली होती. खुर्चीवर नीट टेकायच्या आतच सासूबाईंनी सुरुवात केली, "डॉक्टरसाहेब, हिचं डोकं तेवढं एकदा तपासा. घरात सण आला, की हिचं डोकं उठलंच म्हणून समजा. दिवसभर अंधारात पडून असते, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर माहेरी फोन लावून हसतेय. फोटो काढले, रिपोर्ट काढले, सगळं चांगलं आलं. आता तुम्हीच सांगा, ह्याला दुखणं म्हणायचं का काय म्हणायचं?"

सासूबाईंच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. गंमत अशी, की सुनेवर शंका घेण्यासाठी त्यांनी जी तीन कारणे सांगितली, त्यांतूनच मला आजाराचे निदान मिळाले. डोके सणालाच उठते, दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत होतो आणि तपासण्यांत काही सापडत नाही. वाचकहो, ही लक्षणे नाटकाची नाहीत. ही अर्धशिशीची लक्षणे आहेत. आज तेवढाच मुद्दा मांडायचा आहे.

अर्धशिशी म्हणजेच मायग्रेन. हा आजार हल्लीच्या टीव्ही-मोबाइलमुळे आलेला नाही. सुश्रुतसंहितेत तो 'अर्धावभेदक' या नावाने आलेला आहे. 'मायग्रेन' हा शब्दही अर्धी कवटी अशा अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरून आला. आपल्या अर्धशिशीचाही अर्थ तोच. दोन लांबच्या मुलखांतल्या माणसांनी एकाच दुखण्याला एकाच अर्थाचे नाव दिले, ते काही कुणाच्या नाटकाला दिले नसणार!

साध्या डोकेदुखीत डोके आवळल्यासारखे होते, पण माणूस काम रेटू शकतो. अर्धशिशीचा झटका औषध न घेतल्यास ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. बहुधा एका बाजूला ठणका लागतो, शीर उडत राहते. जिना चढला, खाली वाकून केर काढला, की ठणका वाढतो. मळमळते, उलटी होते. उजेड, आवाज सोसत नाही, फोडणीचा आणि उदबत्तीचा वाससुद्धा नको होतो. काही जणांना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत हा प्रकार चालतो आणि मग डोके उठते.

उलटी झाल्यावर बऱ्याच जणांना उतार पडतो. त्यामुळे 'हे पित्ताचं डोकं' अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मग वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्या चालू राहतात. खरे तर मळमळ आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग आहे.

हा आजार दुर्मिळही नाही. शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर शहरात व भोवतालच्या खेड्यांत, केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांपैकी साधारण चौघांमागे एकाला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेला आढळला. वयात येण्यापूर्वी मुलामुलींत प्रमाण जवळजवळ सारखे असते. पुढे मात्र स्त्रियांत ते पुरुषांच्या दोन ते तीन पट होते, कारण पाळीच्या चक्रातील संप्रेरकांच्या चढउताराशी त्याचा संबंध आहे. पण पुरुषांना होत नाही असे नाही. ते चहा आणि तंबाखूवर दिवस ढकलतात आणि डोक्याला रुमाल बांधून कामावर जातात, एवढेच.

आता सासूबाईंच्या तीन शंकांकडे वळू.

पहिली शंका सणाची. अर्धशिशी असलेल्या माणसाच्या मेंदूला रोजच्या क्रमातला बदल मानवत नाही. जेवणाची वेळ चुकली, झोप कमी झाली किंवा जास्त झाली, ऊन लागले, पाणी कमी पडले, उग्र वास किंवा मोठा आवाज झाला, तर झटका येऊ शकतो. आता आपल्या घरातला सण डोळ्यांसमोर आणा. पहाटे चारला उठायचे. नैवेद्य होईपर्यंत पोटात चहाखेरीज काही नाही. पुरणाचा घाट चुलीपुढे किंवा गॅसपुढे. घरात धूप-उदबत्तीचा धूर आणि गल्लीत स्पीकरच्या भिंती. पाहुण्यांची पंगत उठल्यावर तिसऱ्या प्रहरी घरची बाई पानावर बसणार. झटका आणणारी जवळजवळ सगळी कारणे आपण एका दिवसात तिच्यापुढे मांडून ठेवतो. त्या दिवशी डोके उठले, तर त्यात नवल ते काय? चतुर्थीच्या आणि श्रावणी सोमवारच्या उपवासाचेही तसेच. उपाशी पोटी अर्धशिशी उठते, हे दवाखान्यात दर आठवड्याला दिसते.

दुसरी शंका दुसऱ्या दिवशीच्या हसण्याची. ताप हळूहळू उतरतो आणि मोडलेला पाय दीड महिना प्लॅस्टरमध्ये राहतो, म्हणून त्यांच्यावर आपला विश्वास बसतो. अर्धशिशी झटक्यांनी येते. झटका ओसरल्यावर एखादा दिवस थकवा आणि जडपणा राहतो, पण पुढे माणूस पूर्ववत होतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तो निरोगी दिसतो. दम्याचा रुग्ण दोन धापांच्या मध्ये हसला, तर आपण त्याला खोटारडा म्हणतो का? शिवाय चार दिवस पडून राहिलेली बाई बरे वाटताच दुप्पट कामाला लागते, फोन करते, हसते. राहून गेलेले भरून काढायचे असते आणि पुढचा झटका कधी येईल याचा नेम नसतो.

तिसरी शंका रिपोर्टची, आणि इथे मी आम्हा डॉक्टरांना दोषी धरतो. त्यात पहिला मी स्वतः.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. खेड्यातली एक तरुण बाई डोकेदुखीसाठी माझ्याकडे यायची. नवऱ्याने पदरमोड करून सिटी स्कॅन करून आणला. मी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, रिपोर्ट वाचला आणि नवऱ्यादेखत म्हणालो, "काही नाही. सगळं नॉर्मल आहे. मनावर घेऊ नका." माझ्या मनात अर्थ एवढाच होता, की मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही. घरच्यांनी घेतलेला अर्थ वेगळा होता. हिला काही झालेले नाही, असे डॉक्टरच म्हणाले! त्यानंतर ती बाई माझ्याकडे आली नाही. मला वाटले, बरी झाली.

दोन वर्षांनी तिला रिक्षातून आणले, तेव्हा तिला रक्ताची उलटी झाली होती. शौचाला डांबरासारखे काळे होत होते. मधल्या काळात ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज दोन-तीन, कधी चार घेत होती. कुणाला कळू नये म्हणून गोळ्यांची पाने तांदळाच्या डब्यात ठेवायची. पोटात अल्सर होऊन तो फुटून वाहू लागला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, रक्त चढवावे लागले, नशिबाने वाचली. पुढे तपासणीला आली तेव्हा मी जरा रागानेच विचारले, "अहो, एवढ्या गोळ्या खाताना एकदा मला सांगायचं तरी!" ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्हीच काही नाही म्हणालात. मग सांगणार कुणाला?"

मला उत्तर देता आले नाही.

त्या दिवसापासून मी 'काही नाही' हे शब्द सोडले. आता मी रुग्णाला आणि बरोबर आलेल्या माणसाला एकत्र बसवून सांगतो, "रिपोर्ट चांगला आला, म्हणजे गाठ नाही. पण आजार आहे आणि त्याचं नाव अर्धशिशी आहे. तो फोटोत दिसत नाही." केसपेपरवर ते नाव मराठीत ठळक लिहितो. कागदावर नाव आले, की घरातली बोलणी बदलतात, असा माझा अनुभव आहे. माझ्या व्यवसायबंधूंनीही एवढे करावे, अशी विनंती आहे. औषधाची चिठ्ठी लिहिण्याइतकेच ते महत्त्वाचे काम आहे.

फोटोत दिसत नाही याचा अर्थ शरीरात काही घडत नाही, असा मुळीच नाही. डोक्यातल्या एका मोठ्या मज्जातंतूच्या टोकांपासून झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते. झटका चालू असताना रक्तात ते वाढलेले असते, असे १९९० साली आढळले. पुढे हेच द्रव्य अर्धशिशीच्या रुग्णांना शिरेतून दिले असता अनेकांना तसाच झटका आला. हे द्रव्य अडवणारी औषधे २०१८ पासून परदेशात वापरात आली. या संशोधनासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन या चार शास्त्रज्ञांना २०२१ सालचे 'ब्रेन प्राइझ' मिळाले. नाटकावर एवढे मोठे पारितोषिक कुणी देत नाही.

उपायांचे दोन भाग आहेत. एक, झटका आल्यावर घ्यायचे औषध. ते सुरुवातीलाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावे. ठणका शिगेला पोचल्यावर घेतले तर फारसा गुण येत नाही. ट्रिप्टान वर्गातील खास औषधे आहेत, पण हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत. दुसरा भाग प्रतिबंधाचा. महिन्यात चार किंवा अधिक दिवस डोके उठत असेल, तर काही महिने रोज घ्यायचे औषध असते. कुणाला कोणते द्यायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे. उदाहरणार्थ, प्रोप्रॅनोलॉल हे चांगले औषध, पण दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचे. शेजारणीची गोळी म्हणूनच घेऊ नये. डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येणाऱ्या स्त्रियांनी संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण काही गोळ्यांमुळे त्यांना पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणखी एक सापळा लक्षात ठेवा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अथवा मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच डोके रोज दुखू लागते. डोके दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे डोके, असे चक्र सुरू होते. त्यासाठी कॅलेंडरवर खुणा करा. डोके उठले त्या तारखेला फुली, गोळी घेतली तर गोल. दोन महिन्यांचे ते पान मला स्कॅनपेक्षा जास्त सांगते.

प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते, हेही विसरू नये. एकाएकी वीज पडावी तसे आयुष्यात कधी नव्हे इतके डोके दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, सोबत ताप व मान ताठणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, फिट येणे, डोक्याला मार लागल्यावर किंवा गरोदरपणात नव्याने उद्भवलेले दुखणे यांपैकी काही असेल, तर बाम चोळत किंवा दृष्ट काढत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांनी फार काही करायचे नाही. झटका आला, की अंधारी खोली, शांतता आणि पाणी द्यावे. सणाच्या दिवशी घरच्या बाईने नैवेद्याआधी दोन घास खाल्ले, तर देव कोपत नाही. कचेरीतल्या साहेबांनी आणि शाळेतल्या गुरुजींनी 'चेहरा तर चांगला दिसतोय' हे वाक्य टाळावे. खरोखरच सबब सांगणारा एखादा निघेलही. पण त्याला पकडण्यासाठी खऱ्या रुग्णांना खोटे ठरवायचे, हा न्याय मला पटत नाही.

त्या सासूबाईंना हे सगळे मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि जरा वेळाने विचारले, "डॉक्टरसाहेब, आमची नात नऊ वर्षांची आहे. शाळेतून दुपारी डोकं धरून येते, उलटी करते आणि निजून उठली की खेळायला पळते. मी तिला मांडीवर घेऊन डोकं चेपते. तेही हेच का?"

"असू शकतं. हा आजार पुष्कळदा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. तिलाही घेऊन या, तपासू," मी म्हणालो.

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग बाकावरच्या सुनेकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "ऊठ गं. ऊन व्हायच्या आत घरी जाऊ. आज स्वयंपाकाचं मी बघते."