आजी-आजोबा धूसर, नदी मात्र स्पष्ट!

जुन्या अल्बममध्ये असा फोटो तुम्हीही पाहिला असेल. कोलकात्याच्या गार्डन रीचला हुगळीकाठी आजी-आजोबा शेजारी उभे. दोघे धूसर, पण मागची जहाजं अगदी स्पष्ट. दोष हात हलल्याचाच असतो असं नाही. जुन्या ऑटोफोकस कॅमेऱ्यात फोकस शोधणारी जागा बहुधा एकच, फ्रेमच्या मधोमध. दोघांच्या मधल्या फटीतून कॅमेऱ्याने थेट पैलतीर गाठला!

१९८५ च्या मिनोल्टा ७००० लाही एकच सेन्सर होता आणि त्याला उभ्या रेषाच नीट कळत. धुक्यातलं राखाडी जहाज किंवा पाण्याची आडवी रेघ समोर आली, की लेन्स नुसती पुढे-मागे फिरत राही.

घरात असा कॅमेरा असेल, तर आधी एका चेहऱ्यावर मध्यबिंदू ठेवा, बटण अर्धं दाबून धरा, मग हवी ती फ्रेम घेऊन पूर्ण दाबा. समोर आडव्याच रेषा असतील, तर फोकस घेताना कॅमेरा उभा धरा.

रोलमध्ये फोटो ३६च आणि चूक कळते रोल धुतल्यावर. तोवर आजी-आजोबा गावी परतलेले असतात. म्हणून बटण सावकाश दाबा.