प्रबंध बांधून झाला; पुढे काय?

गेल्या आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात घाटंजी तालुक्यातील एका खेड्यातून एक भगिनी आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, तक्रार गुडघ्यांची. परीक्षण झाले, औषधाच्या पुड्या बांधून दिल्या. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते माह्यं रगत तीनदा नेलं होतं, त्याचं काय निंघालं मंग?"

आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. वस्तुतः ते रक्त आम्ही घेतले नव्हते. आमचे एक स्नेही कायचिकित्सा विषयात पीएच.डी. करीत होते. विषय पाण्डुरोग, औषध चरकोक्त नवायस. कापूस वेचणाऱ्या स्त्रियांत पाण्डूचे रुग्ण आमच्याकडे नित्य येतात हे ठाऊक असल्याने त्यांनी आम्हांस गळ घातली आणि आम्हीही मैत्रीखातर आमच्या बाह्यरुग्ण विभागातील अनेक भगिनींस त्यांच्याकडे पाठविले. ह्या बाई त्यांपैकीच एक. प्रबंध पूर्ण झाला, मौखिक परीक्षा झाली, नावामागे डॉक्टरेट लागली, पेढे वाटले गेले. ज्यांच्या रक्तावर हे सर्व उभे राहिले त्यांना मात्र कोणीही काही कळविले नाही. आमच्या स्नेह्यांनी नाही, आणि आम्हीही नाही.

हा दोष एका व्यक्तीचा नव्हे म्हणूनच येथे लिहीत आहोत. आपल्या शास्त्रात शोधप्रबंध ही एक शिडी झाली आहे. वर चढून झाले की शिडी भिंतीला टेकवून ठेवायची. काळ्या रेक्झिनची बांधणी, तिच्यावर सोनेरी अक्षरे, एक प्रत विद्यापीठास, एक ग्रंथालयास, एक मार्गदर्शकांस, एक घरातील काचेच्या कपाटात. पुढे त्या विषयाशी त्या व्यक्तीचा संबंध मुलाखतीपुरता उरतो.

आम्ही स्वतः केवळ बी.ए.एम.एस. आहोत, हे आधीच सांगितलेले बरे. पदव्युत्तर शिक्षण परिस्थितीमुळे राहून गेले. तेव्हा 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' असे कोणी म्हटल्यास आमची हरकत नाही. परंतु द्राक्षांच्या वेलीला पाणी घालणाऱ्यांत आम्हीही होतो, एवढा अधिकार आम्ही मागतो.

आमच्या स्नेह्यांची स्थिती सांगण्यासारखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा कालावधी आहे, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. त्यांना सात वर्षे लागली. ह्या काळात दवाखाना अर्धवेळ झाला, जुने रुग्ण इतरत्र गेले, डोक्यावर कर्ज आले, मुलगी दहावीला आली. मौखिक परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाविषयी ते म्हणाले, "सकाळी उठल्यावर काय करायचे तेच पंधरा दिवस कळत नव्हते." सात वर्षे ज्या प्रश्नाचे उत्तर 'प्रबंध झाल्यावर पाहू' असे होते, तो प्रश्न प्रबंध झाल्यावर तसाच समोर उभा राहिला.

अशा वेळी जी पहिली संधी येते तीच नियोजन ठरते. त्यांना दुसऱ्या विभागातील एका खासगी महाविद्यालयाकडून विचारणा झाली. हुद्दा चांगला, वेतन कागदावर चांगले, आणि सोबत सूचना अशी की आठवड्यातून दोन दिवस आलात तरी चालेल, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ. कागदी अध्यापकांची ही व्यथा आपल्या क्षेत्रात नवीन नाही. २०२१ साली केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या जागी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला, अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तरतूद कायद्यात झाली, तरीही मागणी करणारे व होकार देणारे दोघेही शिल्लक आहेत. सात वर्षे निदान-चिकित्सेचा काथ्याकूट करून शेवटी स्वाक्षरीपुरते उरावयाचे असेल तर त्या प्रबंधाचा उपयोग कोणास झाला?

प्रबंधानंतरचे आयुष्य ह्याहून निराळे असू शकते, आणि ते आपल्याच शास्त्रात घडलेले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत आज भगंदराच्या रुग्णांस क्षारसूत्र बांधले जाते. सुश्रुत व चक्रदत्तातील ही पद्धती आपणांस थेट ग्रंथांतून मिळालेली नाही, हे आपण सहसा विसरतो. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे ह्यांनी १९६० च्या दशकात तिच्यावर काम सुरू केले आणि त्यांच्या विभागातील शिष्यांनी तोच विषय पुढे चालविला. सूत्र कोणते, लेप किती, क्षार कोणता, बदल किती दिवसांनी, अशा एकेका प्रश्नावर वर्षे गेली. त्यातूनच पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बहुकेंद्री चाचणी घेतली. ती चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण शस्त्रकर्मात ११ टक्के, तर क्षारसूत्रात ४ टक्के आढळले. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्रात सुमारे आठ आठवडे व शस्त्रकर्मात चार आठवडे लागले, हेही त्यांनी लपविले नाही. आज तालुक्याच्या ठिकाणचा वैद्य रुग्णास 'वेळ लागेल, पण पुन्हा होण्याची शक्यता कमी' असे आत्मविश्वासाने सांगतो, त्यामागे हे सारे आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांचे सहकारी आपल्या शास्त्राचे पदवीधर नव्हते, ते आधुनिक औषधशास्त्राचे. परंतु गुळवेल हा विषय त्यांनी हाती घेतला तो सोडला नाही. प्रयोगशाळेतील प्राण्यांपासून आरंभ करून शल्यचिकित्सक डॉ. बापट ह्यांच्या साहाय्याने ते अवरोधजन्य कामलेच्या रुग्णांपर्यंत पोचले. १९९३ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास अवघ्या ३० रुग्णांचा होता. एवढ्याशा संख्येवरून छातीठोक विधाने करू नयेत, हे खरे. पण एकाच वनस्पतीच्या मागे वर्षानुवर्षे राहण्याची चिकाटी आपल्याकडील किती पीएच.डी.धारकांनी दाखविली? आपल्याकडे पदव्युत्तर प्रबंध गुळवेलीवर, पीएच.डी. बस्तीवर आणि पुढील शोधनिबंध मिळेल त्या विषयावर, असाच प्रवास दिसतो.

जाता जाता पृष्ठसंख्येविषयी. कमला सोहोनी ह्यांना १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध सुमारे चाळीस पानांचा होता असे सांगतात. आमच्या स्नेह्यांच्या प्रबंधात पाण्डूच्या निरुक्तीलाच त्याहून अधिक पाने लागली आहेत! कमलाबाई परत आल्या, आणि पुढे मुंबईत त्यांनी गोरगरिबांच्या आहारातील पदार्थ व नीरा ह्यांच्या पोषणमूल्यावर काम केले. केंब्रिजमधील विषय बटाट्यातील एका द्रव्याचा, परतल्यावरचा विषय येथील ताटातला. त्यांनी पदवीनंतर प्रश्न बदलला, पण तो येथील माणसांकडे पाहून बदलला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आमच्या स्नेह्यांचा मूळ आराखडा दुसऱ्या शहरात तयार झाला होता. त्यात पाण्डूच्या रुग्णांची सिकलसेलसाठी तपासणी नव्हती. विदर्भात, विशेषतः आदिवासी व अन्य काही समाजांत, सिकलसेल किती आहे हे आपण रोज पाहतो. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झाले, पण येथल्या वैद्यास ते ठाऊक होण्यासाठी अभियानाची गरज नव्हती. वारंवार रक्त चढविलेल्या सिकलसेल रुग्णाच्या शरीरात लोहाचा भार आधीच वाढलेला असू शकतो. त्याला डोळे मिटून लोहकल्प देणे हे शास्त्र नव्हे. आम्ही आग्रह धरला, त्यांनी मानला आणि ती तपासणी आराखड्यात आली. एका साध्या बी.ए.एम.एस. वैद्याचे त्या प्रबंधातील योगदान एवढेच. परंतु ते दवाखान्यातून गेले, ग्रंथालयातून नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. प्रबंधात एक तक्ता मध्येच औषध सोडलेल्या रुग्णांचा आहे. त्यापुढे कारण म्हणून केवळ 'अनुपस्थित' असे लिहिले आहे. आम्ही तारखा पाहिल्या. दिवाळीच्या पुढेमागे, म्हणजे ऐन वेचणीचे दिवस! किलोवर मजुरी मिळणारी बाई रक्त देण्यासाठी दिवस मोडून शहरात कशी येणार? औषध लागू पडते की नाही ह्याइतकाच, ते वेचणीच्या दिवसांत घेतले जाते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि तो प्रबंध पूर्ण झाल्यावरच सुचतो. स्नेह्यांच्या पुढील दहा वर्षांचे काम त्या एका शब्दात दडले आहे असे आम्हांस वाटते.

असे प्रश्न येथे पावलोपावली आहेत. २०१७ साली कपाशीवरील फवारणीतून आपल्या जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसाहून अधिक जण दगावले. त्यांतील कित्येक जण मळमळ, डोळ्यांची आग म्हणून प्रथम गावातल्या वैद्याकडेच जाणार. कोणती लक्षणे दिसताच क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात धाडावे, ह्याचा पहिल्या भेटीतला निकष अगदतंत्राच्या अभ्यासकाने बसविला तर त्याला विषयही मिळेल आणि आयुष्यभराचे कामही.

औषधनिर्माते बंधूंसही एक विनंती. २००० सालच्या शेड्यूल टी पासून आपल्याला उत्तम निर्मिती पद्धतीचे बंधन आहे. २०१० च्या नियम १५८-बी मुळे काही प्रकारच्या परवान्यांसाठी सुरक्षितता व परिणामकारकतेचा पुरावा लागतो. तो पुरावा कसा उभारावा हे ज्याने सात वर्षे शिकले, तो मनुष्य आपल्याच जिल्ह्यात काम शोधत असतो आणि आपण मात्र कागदपत्रे तयार करून देणारा दलाल गाठतो. नवायसात नऊ द्रव्ये प्रत्येकी एक भाग व लोहभस्म नऊ भाग. म्हणजे अर्धे औषध लोहभस्मच. त्या भस्माला पुटे किती दिली, परीक्षा कोणत्या केल्या, हे त्या प्रबंधात तपशीलवार आहे. जिल्ह्यातील किती फार्मसींनी ते पान पाहिले असेल? आठवड्यातून दोन दिवसांच्या कागदी हजेरीऐवजी दोन दिवस एखाद्या फार्मसीच्या गुणवत्ता विभागात व उरलेले स्वतःच्या दवाखान्यात, अशी मांडणी अशक्य नाही. मानधन कमी पडेल हे आम्ही जाणतो, कर्जाचे हप्ते आम्हीही भरले आहेत.

प्रबंध सापडत नाहीत ही तक्रार आता तितकीशी उरलेली नाही. जामनगरच्या डॉ. बघेल ह्यांनी आयुर्वेदातील प्रबंधांची सूची ग्रंथरूपाने केली, आता शोधगंगेवर अनेक विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. प्रश्न वाचणाऱ्यांचा आहे. 'पीएच.डी.वाल्यांना रुग्ण कळत नाही' असे म्हणत आपण व्यावसायिक हात झटकतो. आम्हीही तेच म्हणत आलो. पण रुग्ण पाठविताना 'शेवटी चार पानांचा मराठी सारांश द्याल तरच' अशी अट घालण्याचे आम्हांस सुचले नाही. मागितले असते तर मिळाले असते.

स्नेह्यांनी त्या महाविद्यालयास अद्याप कळविलेले नाही. परवा रात्री ते आमच्याकडे बसले होते. आम्ही त्यांना त्या भगिनीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मूळ नोंदवह्या घरी आहेत. नाव पाहून प्रत्येकीचे आकडे काढता येतील." पुढील तीन आठवडी बाजारांच्या दिवशी दुपारी ते आमच्या दवाखान्यात बसणार आहेत. सारांशाची चार पाने ह्या नियतकालिकाच्या पुढील अंकासाठी संपादकांकडे देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. वेचणीच्या दिवसांत औषध सोडलेल्या भगिनींची यादी आम्ही वेगळी काढली आहे. त्यांच्याकडे आम्हांलाच जावे लागेल.