पॉइंट काढण्याआधी डेल्को उघडून पाहा

जुन्या पद्मिनीचे बॉनेट उघडले की इंजिनाजवळ जाड वायरी फुटलेली एक टोपी दिसते. पुस्तकात तिच्या खालच्या भागाला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, गॅरेजात मात्र तो ‘डेल्को’. हे मुळात अमेरिकेतल्या डेटन शहरातील एका कंपनीचे नाव. त्या कंपनीच्या चार्ल्स केटरिंगने कॉइल आणि पॉइंटवर चालणारी ठिणगीची व्यवस्था कॅडिलॅक मोटारींसाठी तयार केली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. कंपनीचे नाव आपल्या मेकॅनिकांच्या तोंडी वस्तूचे नाव होऊन बसले.

त्याच डेल्कोवरून जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत वाद चालतो. पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे? बहुतेक ठिकाणी सल्ला ठरलेला असतो: ‘काढून टाका, कटकट मिटेल.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि राहिलेला अर्धा गाडीवाल्याच्या खिशाला भारी पडतो.

पॉइंटचे काम साधे आहे. शाफ्टवरचा कॅम फिरतो, पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या धक्क्याने प्लगपर्यंत हजारो व्होल्ट पोहोचतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. ते झिजणार, यात नवल नाही. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग मागे पडते. मग पिकअप मार खातो, इंजिन तापते, पेट्रोल जास्त जाते. कंडेन्सर बसला की पॉइंटच्या तोंडावर ठिणग्या उडून ती काळी पडतात आणि गाडी मिसिंग मारू लागते.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये हे घासणेच उरत नाही. शाफ्टवर चुंबकाची कडी, शेजारी सेन्सर आणि कॉइलचा प्रवाह तोडणारे मॉड्यूल, एवढाच संसार. टू-स्ट्रोक गाड्यांत सीडीआय या प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा आणखी एक फायदा दिसतो. तिचा व्होल्टेज क्षणार्धात चढतो, त्यामुळे ऑइलने माखलेल्या प्लगमध्येही ठिणगी पडते. एस्कॉर्ट्सने १९८३ साली आणलेल्या राजदूत ३५० मध्ये दोन सिलिंडरसाठी पॉइंटचे दोन स्वतंत्र सेट होते आणि दोन्ही नेमके जुळवावे लागत. त्याच कंपनीने दोन वर्षांनी बाजारात आणलेल्या आरएक्स १०० मध्ये सीडीआय होती. लावायला पॉइंटच नव्हते.

मग अडचण कुठे? पॉइंटच्या नावावर खपवलेले निम्मे दोष पॉइंटचे नसतात, तिथे. शाफ्टच्या बुशमध्ये खेळ असतो, अ‍ॅडव्हान्सची वजने गंजून अडकलेली असतात, व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला असतो, अर्थिंगच्या जोडावर गंज चढलेला असतो. नवे किट यातले काहीच दुरुस्त करत नाही. शाफ्टचा खेळ ते थोडा सहन करते इतकेच, वजने अडकलेलीच राहतात. वर बॅटरी कमजोर असली, तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतो आणि काही मॉड्यूल ठिणगी द्यायचे थांबतात. सहा व्होल्टच्या किंवा पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला भलतेच किट जोडले, तर ते चालत नाही किंवा जळूनच जाते.

पॉइंट जाण्याआधी सहसा कुरकुर करतात. मॉड्यूल बरेचदा काही न सांगता जाते. घाटात गाडी बंद पडली, तर पॉइंट पॉलिश पेपरने घासून, फटीत व्हिजिटिंग कार्ड धरून घरापर्यंत येता येते. मॉड्यूल मेले की टोइंगची वाट पाहायची.

म्हणून गाडीचा वापर पाहून निर्णय घ्यावा. रोज कामावर जाणाऱ्या, सिग्नलला तासन् तास रखडणाऱ्या गाडीला चांगले इलेक्ट्रॉनिक किट बसवावे. त्यात हळहळण्यासारखे काही नाही. रविवारी बाहेर निघणाऱ्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीचे पॉइंट मात्र राहू द्यावेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवलेली ५० वर्षांहून जुनी वाहने रोजच्या वापराला चालतच नाहीत. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येतात. अशा गाडीच्या पॉइंटवर झिजण्याची वेळ येणार तरी किती?

आणि कोणताही निर्णय घेण्याआधी पॉइंट एकदा नीट लावून पाहावेत. बहुतेक जुन्या गाड्यांत फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. फीलर गेजची पाती आत सरकवताना किंचित ओढ लागली पाहिजे. मग टेस्ट बल्बची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला लावायची आणि चावी चालू ठेवून इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे. पॉइंट उघडताक्षणी बल्ब पेटतो. त्याच क्षणी टायमिंगच्या खुणा समोरासमोर आल्या पाहिजेत. कॅमवर ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका दिला की काम झाले. अर्ध्या तासाची ही मेहनत न करता किट घेणे म्हणजे रोग न तपासता औषध बदलणे.

ही मेहनत करणारे हात कमी होत चालले आहेत, ही खरी चिंता आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली, तसे पदपथावर बसून तिचा डेल्को खोलणाऱ्या मेकॅनिकचे काम आणखी घटले. त्यांच्याकडून हे कसब शिकून घ्यायला अजून वेळ आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी सोडून निघून जाऊ नये, शेजारी उभे राहून पाहावे. किट बसवायचे ठरलेच, तर ते डिस्ट्रिब्युटरला भोक न पाडता बसेल असे घ्यावे आणि काढलेली पॉइंटची प्लेट भंगारात न देता कंडेन्सर व फीलर गेजसह एका डबीत घालून डिकीत ठेवावी.