गाडीचे डोळे

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि चारच्या चहाबरोबरच अंधार आत येतो. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाहून परतताना बहुतेकांना रात्री मोटारवेवर किंवा दिवे नसलेल्या गावरस्त्यावर गाडी हाकावी लागते. आमची गाडी बारा वर्षांची. गेल्या वर्षी अशाच एका रस्त्यावर गडद कोट घातलेले, कुत्रा घेऊन चाललेले एक गृहस्थ आम्हाला अगदी जवळ येईपर्यंत दिसलेच नाहीत. ब्रेक लागला, निभावले. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

दोष वयाचा, चष्म्याचा, असे आधी वाटले. सकाळी पाहिले तर हेडलाइटच्या काचा ताकासारख्या. काचा म्हणायचे इतकेच, असते ते पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो, मग प्लास्टिक पिवळे पडते आणि उजेड पुढे न जाता आतच विखुरतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला ही व्याधी नव्हती, तिच्या दिव्यांना खरी काच होती!

हायवे कोडप्रमाणे साठ मैलांच्या वेगात गाडी थांबायला 73 मीटर लागतात. तेवढे पुढचे दिसायला नको का? एमओटी पास आहे, हे उत्तर आम्हाला पटत नाही. तो दाखला त्या दिवसापुरता.

टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपाय आम्हीही केला. काही आठवडे बरे वाटते, पण गेलेला थर त्याने परत येत नाही. नीट करायचे तर रंगाला टेप लावून, पाणी घालत, आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासावे, पॉलिश करावे आणि शेवटी अतिनील किरण अडवणारे लॅकर द्यावे. ही शेवटची पायरी गाळली तर मेहनत पाण्यात. आतून धुके धरले असेल किंवा तडा गेला असेल तर अख्खा दिवा बदलावा आणि रोख तपासून घ्यावा.

मात्र हॅलोजनच्या दिव्यात झगझगीत एलईडी बल्ब बसवू नयेत. 1 एप्रिल 1986 नंतरच्या मोटारीत असा बदल आढळला तर एमओटी नापास होते, शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

साडीखरेदीत हात आखडता न घेणारे आपण इथेच काटकसर का करतो, कळत नाही. आमची सूचना अशी: दिवाळीआधीच्या एका शनिवारी हॉलच्या कार पार्कमध्ये सर्वांनी गाड्या आणाव्यात. पॉलिश पेपर आणि लॅकर आम्ही आणू. चहाचे कोणीतरी बघावे.