आपले जगणे, परक्याचा कॅमेरा

शिरूर कासार (जि. बीड) : दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटच्या डोंगररांगांलगतच्या या दुष्काळी पट्ट्यातील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे इथल्या बोलीत ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील उसाच्या फडांकडे निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच परततात. गेल्या काही वर्षांत या स्थलांतराचा माग काढत परदेशी माध्यमांचे कॅमेरेही बीड जिल्ह्यात पोहोचले. त्यांनी टिपलेले दुःख लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाहिले, वाचले गेले. ज्यांचे ते दुःख, त्यांना हे चित्रण कसे वाटले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

परक्याने रंगवलेले आपले चित्र पाहून समाज काय करतो, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण जपानचे आहे. २००३ साली आलेल्या ‘द लास्ट सामुराई’ची कथा अमेरिकी सैनिकाच्या नजरेतून मांडलेली असूनही या चित्रपटाने अमेरिकेपेक्षा जपानमध्ये अधिक कमाई केली. दोनच वर्षांनी आलेल्या ‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’च्या वाट्याला मात्र नाराजी आली. क्योटोच्या गेशांच्या या कथेतील प्रमुख भूमिका झांग झियी, गाँग ली आणि मिशेल यो यांच्याकडे होत्या आणि त्यांच्यापैकी एकही जपानी नव्हती. जपानमध्ये तो ‘सायुरी’ या नावाने प्रदर्शित झाला. पुढे २००६ मध्ये क्लिंट ईस्टवूड यांनी ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ जवळजवळ संपूर्णपणे जपानी भाषेत आणि जपानी कलावंतांना घेऊन केला, तेव्हा जपानी प्रेक्षकांनी त्याला मनापासून दाद दिली. दिग्दर्शक परका असल्याचे दुःख प्रेक्षकाला फारसे नसते. आपली भाषा, आपला चेहरा आणि आपले म्हणणे त्यात कितपत आहे, हे तो पाहतो, असाच याचा अर्थ.

मुंबईचा धडा

महाराष्ट्राचा अनुभवही याहून वेगळा नाही. नथुराम गोडसेवरील ‘नाइन अवर्स टू रामा’ या १९६३ सालच्या चित्रपटावर भारतात बंदी आली. त्याउलट रिचर्ड अॅटनबरो यांचा १९८२ सालचा ‘गांधी’ भारतीयांनी आपला मानला. त्यात पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या होत्या, तर कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांनी वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवले. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसाही त्यात होता.

‘स्लमडॉग मिलिऑनेर’ने हे गणित गुंतागुंतीचे केले. कादंबरी भारतीय, सहदिग्दर्शिका भारतीय, संवादांचा मोठा भाग हिंदी, संगीत ए. आर. रहमान यांचे. तरीही जानेवारी २००९ मध्ये तो भारतात झळकला, तेव्हा मुंबईतील झोपडपट्टीवासीय ‘आम्ही कुत्रे नाही’ असे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. आठ ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाला देशी तिकीटबारीवर तसा प्रतिसाद लाभला नाही. मे २००९ मध्ये त्यातील बालकलाकार अझरुद्दीन आणि रुबिना यांची वांद्र्याच्या गरीब नगरमधील घरे पाडली गेली, तेव्हा या निषेधाचा रोख निव्वळ शीर्षकापुरता नव्हता, हे उघड झाले. गौरव चित्रपटाच्या वाट्याला आला आणि वस्ती होती तिथेच राहिली.

तिकीट नसलेला प्रेक्षक

बीडचा प्रश्न याच टप्प्यावर सुरू होतो. जपानी प्रेक्षकाच्या हाती तिकीट असते. चित्रपट नापसंत असेल तर तो खुर्ची रिकामी ठेवतो, आणि जपानच्या मोठ्या बाजारपेठेमुळे त्या रिकाम्या खुर्चीची हॉलीवूडलाही दखल घ्यावी लागते. मुंबईकराच्या हाती तिकीट नसले तरी रस्ता असतो आणि रस्त्यावर वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे असतात. सहा महिने फडावर पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या ऊसतोड मजुराकडे यांपैकी काहीही नाही.

अर्थात, परक्याचा कॅमेरा निरुपयोगी ठरतो असे म्हणता येणार नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून आणि नंतर बीबीसीसारख्या माध्यमांतून गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे त्यातून पुढे आले. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या साखरेचा धागा बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांपर्यंत नेऊन पोहोचवला. स्थानिकांना अवघड वाटणारे सत्य बाहेरच्याने मांडले म्हणून ते खोटे ठरत नाही.

पण त्याच गदारोळात ‘गर्भाशय नसलेल्या बायकांची गावे’ असे बिरूद या भागाला चिकटले. बातमी विरते आणि बिरूद मागे राहते. सोयरीक जुळवताना किंवा दवाखान्याच्या रांगेत ते ज्या बाईला सोसावे लागते, तिला ते छापण्यापूर्वी कोणी विचारलेले नसते. ‘स्लमडॉग’ या शब्दाविरुद्धची चीड ज्यांना अतिरेकी वाटली होती, त्यांनी तिच्या जागी उभे राहून पाहावे.

उपाय फार खर्चाचा नाही. कॅमेरा घेऊन येणाऱ्याने आपले काम मराठीत करून आधी त्याच गावात, पट्टा पडल्यानंतर मजूर घरी असताना दाखवावे. जत्रेतल्या तंबूत बसून सिनेमा पाहण्याची ग्रामीण महाराष्ट्राची सवय जुनी आहे, पडद्यावरचे खरे-खोटे तिथे चांगले कळते. ज्या बाईचा चेहरा दाखवला, तिला तो पाहण्याचा आणि ‘हे असे नव्हते’ किंवा ‘हे अगदी असेच आहे’ असे म्हणण्याचा पहिला हक्क असायला हवा. त्यानंतर ते चित्र खुशाल न्यूयॉर्कला जावे.