रस्ता शिकवतो, पण चुकीचे

नागपूरहून येणारा महामार्ग सावनेरला फुटतो. एक वाट पांढुर्णा-बैतूलकडे जाते, दुसरी सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे. दोन्ही वाटांवर संत्र्यांचे ट्रक, कोळशाचे टिप्पर, शेतातून अचानक वर येणारे ट्रॅक्टर आणि या सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. दोनशे सीसीची गाडी आता तालुक्याच्या गावातही नवलाईची राहिलेली नाही. ती झकास चालवता यावी असे ती घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पण ते येते कसे, याबद्दलची समजूत बहुतेकांची एकच असते: रोज चालवली की भीती मोडते, आणि भीती मोडली की वेग येतो. मोटारसायकल रेसिंग शिकवण्यात ज्यांची हयात गेली, ते जवळजवळ उलटे सांगतात.

अमेरिकी प्रशिक्षक कीथ कोड यांचे ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ हे पुस्तक १९८३मध्ये आले. त्यांनी चालकाच्या अवधानाला दहा डॉलरच्या नोटेची उपमा दिली. नवशिक्याचे जवळपास सगळे पैसे क्लच आणि गिअरवरच खर्च होतात. समोर काय चालले आहे हे पाहायला खिशात काही उरत नाही. सराव वाढतो तशी हीच कामे चिल्लरीत होऊ लागतात. वेगवान स्पर्धक जास्त धाडसी असतो असे नाही, त्याच्या खिशात शिल्लक जास्त असते. त्या शिल्लकीतून तो पुढचे वळण आधी वाचतो.

घाबरल्यावर ही शिल्लक क्षणात संपते. वळणावर वेग जास्त झाला असे वाटताच हात मूठ आवळतात, ॲक्सिलरेटर एकदम बंद होतो, बोटे पुढच्या ब्रेकवर जातात आणि नजर नेमकी त्या खड्ड्यावर किंवा दुभाजकावर खिळते, जो टाळायचा असतो. जीव वाचवण्यासाठी शरीर आपसूक करते त्या या हालचाली. झाडावरून पडताना फांदी घट्ट धरणे उपयोगाचे असेल. कललेल्या मोटारसायकलवर मात्र तेच घातक ठरते. वळणात पुढचा ब्रेक दाबला की गाडी उभी होऊ पाहते आणि सरळ बाहेरच्या बाजूला जाते. नजर जिथे खिळली तिकडेच हात गाडी नेतात. म्हणून ट्रॅकवरच्या शिक्षणात पहिला धडा डोळ्यांचा असतो: वळणाच्या टोकाकडे बघा, आणि ते दिसू लागले की त्याच्याही पुढे.

ही सवय बदलायला एकच वळण वीस वेळा, त्याच वेगाने, घ्यावे लागते. चुकल्यास पडायला मोकळी जागा लागते आणि चूक कुठे झाली हे लगेच सांगणारे कोणी लागते. मानसशास्त्रज्ञ रॉबिन हॉगार्थ यांनी शिकण्याच्या परिस्थितीचे दोन प्रकार केले होते. काही परिस्थिती प्रामाणिक असतात: चूक केली की ती लगेच आणि स्पष्ट दाखवतात. काही दगाबाज असतात: चुकीलाही बक्षीस देतात. ट्रॅक पहिल्या प्रकारात मोडतो, महामार्ग दुसऱ्या.

सावनेरच्या पुढे ट्रकच्या आडून, समोरचे न दिसता, कोणी ओव्हरटेक केले आणि पलीकडून काही आले नाही, तर मेंदू काय नोंदवतो? ‘जमले.’ निर्णय चुकलेला होता, निकाल तेवढा चांगला लागला. शंभर वेळा असे झाले की चालकाला वाटते आपला हात बसला. बसलेली असते ती खोटी खात्री, आणि एकशे एकाव्या वेळची चूक दुरुस्त करायला संधी मिळेलच असे नाही. शिवाय गणित निर्दय आहे. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. ब्रेकला बोट लागेपर्यंतच हे अंतर संपते. त्यानंतर थांबायला लागणारी जागा वेग दुप्पट झाला की चौपट होते. देशात २०२२मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते.

वयाचाही भाग आहे. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ देऊन एक प्रयोग केला. किशोरवयीन मुले मित्र बघत असताना एकट्याने खेळण्यापेक्षा बरेच जास्त धोके पत्करत होती. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा फारसा परिणाम दिसला नाही. आता मित्र मागच्या सीटवर असण्याचीही गरज नाही, रीलसाठी लावलेला मोबाइल पुरतो.

ट्रॅक म्हणजे सुरक्षित जागा, असाही अर्थ यातून काढू नये. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेतील शर्यतीत बंगळुरूचा १३ वर्षांचा श्रेयस हरीश पडून दगावला. तेराव्या वर्षी मुलाला एवढ्या वेगात उतरवावे का, हा प्रश्न त्या दिवसापासून रास्तपणे विचारला जात आहे. आणि निव्वळ हिंमत जगज्जेत्यालाही महागात पडते. मार्क मार्केझचा दंड जुलै २०२०मध्ये मोडला; शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी तो पुन्हा गाडीवर बसला. काही दिवसांतच हाडातली पट्टी तुटली, पुढे आणखी शस्त्रक्रिया झाल्या. मोटोजीपीचे पुढचे विजेतेपद त्याला थेट २०२५मध्ये मिळाले.

अडचण अशी की विदर्भातल्या तरुणाला शर्यतीचा सराव कायदेशीरपणे करायचा तर चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. चेन्नई नागपूरहून हजार किलोमीटरच्या पुढे आहे. प्रवास, गाडीची वाहतूक, पोशाख, टायर यांचा खर्च संत्र्याच्या एका हंगामाला झेपणारा नाही. त्यामुळे ‘ट्रॅकवर जा’ हा सल्ला देणे सोपे, पण बहुतेकांसाठी निरुपयोगी.

या शिक्षणातला सर्वांत कामाचा भाग मात्र ट्रॅकशिवायही करता येतो. एखादे कोरडे, रिकामे, सपाट मैदान पुरते; परवानगी, हेल्मेट, हातमोजे आणि सोबत एक माणूस हवा. खडूने एक रेघ मारायची. ताशी ३० किलोमीटर वेगाने येऊन, नजर लांब ठेवून, त्या रेघेवर दोन्ही ब्रेक लावायचे. पुढचा ब्रेक झटक्याने दाबायचा नाही, पिळत न्यायचा. गाडी थांबते तिथे दुसरी रेघ. एबीएस असलेल्या गाड्यांत जोरात ब्रेक लावल्यावर लिव्हर किंवा पेडल थरथरते. हा थरकाप आधी कधी अनुभवलेला नसेल, तर खऱ्या प्रसंगी चालक दचकून ब्रेक सोडून देतो. दहा वेळा केल्यावर रेघा मोजायच्या. पहिल्या आणि दहाव्या रेघेतला फरक पाहून बहुतेक जण गप्प होतात. मग वेग ४० करून पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात.